भांडी पुसायचं फडकं: सरळ ट्विल की शंकरपाळी?

चार शाफ्टचा (म्हणजे ताण्याचे धागे उचलणाऱ्या चार चौकटींचा) टेबल माग घरात आला, साध्या विणीची दोन-चार फडकी झाली, की पुढचा प्रश्न ठरलेला: ट्विल, म्हणजे तिरक्या रेघेची वीण, करायचं, पण धागे ओवायचे कसे? हे ताणा, म्हणजे उभे धागे, चढवण्याआधीच ठरवावं लागतं. शाफ्ट उचलणाऱ्या लिव्हर दाबायचा क्रम विणता विणता बदलता येतो. एकदा हेडलमधून (शाफ्टवरच्या, धागा ओवायच्या भोकाच्या तारांमधून) ओवलेले चारशे धागे कुणी हौसेने पुन्हा ओवत नाही.

सरळ ओवणी म्हणजे एकामागून एक धागे शाफ्ट १-२-३-४ वर, पुन्हा १-२-३-४. रुंदी २० इंच आणि इंचाला २० धागे धरले, तर प्रत्येक शाफ्टवर १०० हेडल. झाला हिशेब. टोकाची ओवणी १-२-३-४-३-२ अशी जाते, त्यामुळे २ आणि ३ नंबरवर प्रत्येकी १३३च्या आसपास हेडल लागतात, १ आणि ४ वर जेमतेम ६७. मधल्या शाफ्टवर तेवढे आहेत का, हे आधी मोजा. अर्धा ताणा ओवून झाल्यावर हेडल संपले तर जो वैताग येतो त्याला उतारा नाही.

सरळ ओवणीवर १-२, २-३, ३-४, ४-१ असे शाफ्ट उचलत गेलं की तिरकी रेघ चढते. लालबाग-परळच्या ज्या घरांत कुणी गिरणीच्या साचेखात्यात (विणाई विभागात) होतं, त्यांनी ड्रिलच्या जाड कापडावर अशी रेघ पाहिली असेल. क्रम उलटा केला की रेघ दुसऱ्या बाजूला झुकते, मध्येच फिरवला की उभी नागमोड. शेवटच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल केली की रेघ तुटते आणि नुसता पोत उरतो. मला फडक्यासाठी तोच सगळ्यात आवडतो. शंकरपाळीच्या आकाराची नक्षी मात्र या ओवणीवर येत नाही. ती हवी तर टोकाची ओवणी: लिव्हर १-२ पासून ४-१ पर्यंत दाबत जायच्या आणि तशाच उलट परत यायचं.

दिसायला शंकरपाळी उजवी, यात वाद नाही. पण ती हाताची चूक पकडते. आडवा धागा ठोकून बसवणारी फणी एकदा जोरात, एकदा हलकी आपटली की एक शंकरपाळी बसकी आणि पुढची लांबट. सरळ रेघेत तेवढा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय ताणा आणि बाणा (आडवे धागे) एकाच रंगाचे असतील तर शंकरपाळी जेमतेम दिसते. पांढऱ्या ताण्यावर गडद निळा बाणा घ्या. हळदीच्या दृष्टीनेही ते बरं. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, पण जुलैत मुंबईत ऊन आणायचं कुठून?

वाळण्यात दोघांत फरक नाही, सूत तेच आणि जाडीही जवळपास तीच. शंकरपाळीच्या टोकांवर धागा तीन धाग्यांवरून उडी मारतो, पण बांगडीत अडकण्याइतका तो सुटा नसतो. वॉफल विणीचा (चौकोनी खळगे पडणाऱ्या विणीचा) मोह बाजूला ठेवा: पाणी छान शोषते, पण जाड असते, आणि पावसाळ्यात गॅलरीतल्या दोरीवर दोन दिवस ओलसर राहिलेल्या फडक्याचा वास तुम्हाला माहीत आहे.

दोन्हींना सारखंच लागू: साध्या विणीला इंचाला १६ धागे पुरत असतील, तर त्याच सुताच्या ट्विलला २० तरी हवेत, नाहीतर कापड ढिलं पडतं. दोन्ही कडांना एकेक धागा कुठल्याच हेडलमधून न घेता फक्त फणीतून सोडा. धोटा (बाण्याचं सूत नेणारा) आत जाताना त्याच्यावरून, बाहेर पडताना खालून. म्हणजे काठ सुटत नाही. आणि फणी साध्या पोलादाची असेल तर पावसाळ्यात तिला गंज चढतो, ताणा महिनोन्‌महिने तसाच ठेवू नका.

माझं मत: पहिला ताणा सरळ ओवणीचा, ५ मीटरचा. मागावर वाया जाणारं सूत धरूनही त्यात ७५ सेंटिमीटरची पाच फडकी बसतात, प्रत्येकावर लिव्हरचा वेगळा क्रम लावून बघा. दुसरा ताणा शंकरपाळीचा. मागाला मधल्या शाफ्टचे हेडल आधीच भरपूर असतील आणि कुणाला भेट द्यायची घाई असेल, तर उलटं करायलाही हरकत नाही. मात्र भेट देण्याआधी धुऊन मगच मापं घ्या, सुती फडकं दहा-पंधरा टक्के आटतं.