'मॅचिंग ग्रँट'च्या नावाखाली आमच्या संस्थेची झालेली फसवणूक

आमची संस्था लहान आहे. गाणं, तबला आणि चित्रकला शिकवतो. फी भरणं परवडत नाही अशीच मुलं जास्त. हिशेब मी बघते. अडीअडचणीसाठी ठेवलेली आमची सगळी शिल्लक निधी मिळवून देणाऱ्या एका मध्यस्थाने नेली. ती परत येईल अशी आशा आता नाही. पण तो माणूस अजून फिरतोय आणि गाठतोय तो आमच्यासारख्यांनाच, म्हणून हे लिहितेय.

आमच्यासारख्यांनाच का, तर त्याला आमचं दुखणं ठाऊक आहे. कलाशिक्षणासाठी मदत मागायला गेलं की देणाऱ्याला 'प्रकल्प' हवा असतो. वाद्यं घ्यायला पैसे मिळतात, वार्षिक कार्यक्रमाला मिळतात, भिंतीवर पाटी लागणार असेल तर लगेच मिळतात. शिक्षकांचं मानधन, जागेचं भाडं, वीजबिल, ऑडिटरची फी हे मात्र 'प्रशासकीय खर्च', त्याला कात्री. शिवाय निधी बहुधा वर्षापुरता. वर्ष संपलं की किती मुलांना लाभ झाला त्याचा आकडा द्या. एखाद्या मुलीचा षड्ज स्थिर व्हायलाच वर्ष जातं, हे कुठल्या रकान्यात भरायचं? काही जण तर आधी खर्च करा, बिलं लावा, मग रक्कम देऊ म्हणतात. शिल्लक नसलेल्या संस्थेने तोवर उसनवारी करायची. असं करत करत कपाटात तबल्याच्या जोड्या चार आणि शिकवायला माणूस अर्धवेळ, अशी गत होते.

हे गृहस्थ आले ते नेमकं यावरच बोट ठेवत. "मॅडम, तुम्हाला वाद्यं नकोत, मानधन हवंय. ते कोणी देत नाही. आमचे दाते देतात." आमची गरज इतक्या थोडक्यात एकाही खऱ्या देणगीदाराने ओळखली नव्हती. याचा मला त्या माणसाइतकाच राग येतो.

'मॅचिंग ग्रँट'ची, म्हणजे संस्था जेवढे घालेल तेवढेच दात्याने घालायचे, अशी ती योजना: दात्यांना नाव गुप्त ठेवायचंय. संस्थेने 'स्वहिस्सा', म्हणजे स्वतःचा वाटा, एका एस्क्रो खात्यात (व्यवहार पुरा होईपर्यंत तिऱ्हाइताने पैसे सांभाळायचं खातं) भरायचा, दाते तेवढीच भर घालणार, आणि दुप्पट रक्कम संस्थेच्या खात्यात येणार. खर्च कशावर करायचा यावर बंधन नाही. स्वहिस्सा ही गोष्ट आम्हाला नवी नव्हती, खऱ्या निधीतही तो मागतात. पण तिथे तुम्ही जमवलेले पैसे तुमच्याच खात्यात राहतात. पासबुक आणि पावत्या दाखवल्या की दाता आपला वाटा पाठवतो. तुमचा वाटा दुसऱ्याच्या खात्यात जायचं कारणच नसतं. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी या जातीचे बहुतेक लोक दारातूनच परत जातील.

समितीने चौकशी केली होती. त्याने ज्यांची नावं दिली त्या संस्थांना फोन केले. "हो, आम्हाला दुप्पट मिळाले," असं त्यांनी सांगितलं आणि ते खरंच होतं. आम्हीही आधी छोटी रक्कम भरली, ती दुप्पट होऊन वेळेवर आली. ती अर्थात आमच्यानंतर आलेल्या कुणाच्या तरी स्वहिश्श्यातून. मग मोठी रक्कम गेली. मग 'छाननी शुल्क', मग निधी सोडवण्यासाठीचा 'कर'. हे सगळं मागणारी पत्रं एका नामांकित प्रतिष्ठानच्या नावाची होती. ईमेलच्या पत्त्यात फक्त एक आडवी रेघ जास्त. प्रतिष्ठानच्या मूळ संकेतस्थळावरच्या क्रमांकावर फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, असा कुठलाही निधी आम्ही देत नाही. त्यानंतर गृहस्थांचा फोन बंद.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत जॉन बेनेट याने 1989 मध्ये 'फाउंडेशन फॉर न्यू एरा फिलान्थ्रॉपी' काढलं आणि गुप्त दात्यांच्या नावावर धर्मादाय संस्था, महाविद्यालयं यांना सहा महिन्यांत पैसे दुप्पट करून द्यायला सुरुवात केली. गुप्त दाते नव्हतेच. नव्यांचे पैसे जुन्यांना जात होते. 1995 मध्ये सगळं कोसळलं, 1997 मध्ये बेनेटला 12 वर्षांची शिक्षा झाली. ते उघडकीला आणलं अल्बर्ट मेयर या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने. त्याच्याच महाविद्यालयाने त्यात पैसे घातले होते आणि तो शंका काढत होता तेव्हा सहकाऱ्यांना ते आवडत नव्हतं. प्रत्येक समितीत असा एक कटकट्या असावा, आणि त्याचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवावं.

टक्केवारीवर निधी आणून देतो म्हणणाऱ्यांबद्दलही सांगते. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स ही निधी उभारणाऱ्यांची संघटना आपल्या आचारसंहितेत टक्केवारीने मोबदला घ्यायला मनाई करते. काम करणाऱ्याला ठरलेला मेहनताना द्यावा, मिळालेल्या देणगीतला हिस्सा नव्हे. आमच्याकडे टक्केवारीही मागितली होती, 'यश आलं तरच' या गोड शब्दांत.

तक्रार दिली आहे. बँकेला त्याच दिवशी कळवलं, पण पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. त्यानंतर आणखी एकाचा फोन आला: तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडं शुल्क भरा. आमचं नाव-नंबर त्याला कुठून मिळालं हे विचारल्यावर फोन ठेवून दिला. फसलेल्यांची यादीही विकली जाते.

एक काळजी अजून आहे. अर्जाच्या निमित्ताने त्याने सही-शिक्क्याची कोरी लेटरहेडं नेली आणि वर्गाचे फोटोही. आता त्याच्या माहितीपत्रकात आमची मुलं 'लाभार्थी' म्हणून झळकतात. आमच्या लेटरहेडवरचं शिफारसपत्र तुमच्यापुढे ठेवलं गेलं, तर पैसे भरण्याआधी त्यावरच्या कार्यालयाच्या क्रमांकावर फोन करा. संध्याकाळी वर्गाच्या वेळात कुणीतरी उचलतंच.