आरएमओ ड्युटी लावून देतो म्हणणाऱ्या एजन्सीने माझे १,१३,७४० रुपये बुडवले

नाशिकमध्ये इंटर्नशिप संपवून लोकम (दुसऱ्या डॉक्टरच्या जागी तात्पुरतं काम) किंवा आरएमओ (हॉस्पिटलमध्ये थांबून पेशंट बघणारा डॉक्टर) ड्युटी शोधणाऱ्या प्रत्येक बीएएमएस, बीएचएमएस मुलामुलींनी हे वाचा. हिशेब पै न् पैचा देते. रजिस्ट्रेशन फी २,५०० रुपये. मध्येच ड्युटी सोडू नये म्हणून 'परत मिळणारं' डिपॉझिट १५,०००. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या डॉक्टर पॅनेलसाठी २२,०००. पहिल्या पगारातून टीडीएस म्हणून कापलेले ३,८४०. आणि नंतरच्या नाइट्सचे ७०,४००, जे आलेच नाहीत. बारा तासांच्या नाइटला १,६०० ठरले होते.

डिपॉझिट भरताना टेबलावरचा क्यूआर स्कॅन केला, तेव्हा मोबाइलवर एजन्सीचं नाव आलं नाही. एका बाईचं नाव आलं. मी विचारलं. समोरचा म्हणाला, "मॅडम, सरांच्या मिसेसचं खातं आहे, फर्मचं करंट अकाउंट अजून व्हायचंय." तो स्क्रीन आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सगळं तिथेच लिहिलेलं होतं! पण आपल्याकडे मेडिकलपासून किराण्यापर्यंत निम्मे क्यूआर बायकोच्या नाहीतर भावाच्या नावावर असतात. कोण संशय घेईल? बाबा शेजारी बसले होते. कांद्याच्या पट्टीचे पैसे होते ते. त्यांनाही काही वावगं वाटलं नाही. खासगी माणसाच्या खात्यावर डिपॉझिट मागितलं तर तिथूनच उठा.

पहिला पगार वेळेवर आला, ३८,४०० मधून १० टक्के कापून ३४,५६०. विश्वास बसावा म्हणूनच तो दिला होता. मग सिंहस्थाची गोष्ट निघाली. २०२७ साठी हंगामी डॉक्टर लागणार हे नाशकात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. 'आमच्या पॅनेलवरची नावं आधी जाणार' म्हणून २२,००० घेतले. सरकारी कंत्राटी भरती अशी होत नाही. जिल्हा परिषद, महापालिका, राष्ट्रीय आरोग्य अभियान यांची जाहिरात अधिकृत संकेतस्थळावर येते आणि अर्जाचं शुल्क असलंच तर ते जाहिरातीत छापलेलं असतं.

पुढे पगार थांबला. हॉस्पिटलने सांगितलं, आम्ही एजन्सीला पैसे दिलेत, तुमचं तुम्ही बघा. रात्रभर कॅज्युअल्टी मी सांभाळायची, केसपेपरवर सही माझी, आणि पैशाच्या वेळी मी त्यांची कोणीच नाही! ड्युटी सुरू करण्याआधी हॉस्पिटलच्या लेटरहेडवर नेमणुकीचं पत्र घ्या. हजेरीच्या रजिस्टरचा फोटो रोज काढा. माझ्याकडे तेवढाच पुरावा उरलाय. २६एएस, म्हणजे आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणारा आयकर खात्याचा तक्ता, उघडून पाहिलं तर माझ्या नावावर एक रुपयाही टीडीएस जमा नाही. तुम्हीही आजच पाहा.

सगळ्यात संताप येतो तो सर्टिफिकेटचा. 'व्हेरिफिकेशन'साठी घेतलेलं ओरिजिनल रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट अजून एजन्सीकडेच आहे. मैत्रिणीला दुसऱ्याच एका नर्सिंग होमच्या फाइलमध्ये पूर्णवेळ आरएमओ म्हणून माझं नाव दिसलं. मी तिथे कधी पाऊलही ठेवलेलं नाही. उद्या तिथे पेशंटचं काही बरंवाईट झालं तर उत्तर कोणी द्यायचं? ओरिजिनल कुणालाही देऊ नका. झेरॉक्सवर आडवं लिहा: कोणत्या हॉस्पिटलसाठी, कोणत्या कामासाठी, तारीख आणि सही.

पोलीस ठाण्यात म्हणाले, हे दिवाणी प्रकरण, वकील करा. मग म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, ऑफिस शहरात, माणूस तुमच्या ओळखीचा, ठाण्यात जा. कामगारांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात ऐकवलं की तुम्ही डॉक्टर, कामगाराच्या व्याख्येत बसत नाही. करारात 'प्रोफेशनल कन्सल्टंट' लिहिलंय. म्हणजे पगार बुडाला तर मी कामगार नाही आणि फसवलं तर तो गुन्हा नाही? एकाने तर वर विचारलं, "एवढं शिकून पैसे दिलेच कसे?" तेच लोक उद्या माझ्यासमोर बीपी दाखवायला येतील तेव्हा मी असं विचारणार नाही. तक्रारीची पोच मागितली तर साहेब आल्यावर या, एवढंच. ऑफिसला तोपर्यंत कुलूप लागलं.

फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती लेखी, टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते. हे मला एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, उशीर झाला की रक्कम रोखणं अवघड होतं.

माझा अर्ज पोलीस आयुक्तालयाला स्पीड पोस्टाने जातोय, वैद्यक परिषदेला सर्टिफिकेटच्या गैरवापराचं पत्रही. याच पद्धतीने ज्यांचे पैसे किंवा ओरिजिनल अडकलेत, त्यांनी व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि चॅट डिलीट करू नका. माझ्याशी बोला, आपण एकत्र तक्रार देऊ.