ग्लायडरसाठी हवामानाचं ॲप: आख्खा हिवाळा वापरल्यावर

ऑक्टोबरच्या शेवटी वर्गणी भरली, आता मार्च संपत आलाय. एवढ्या काळात हे ॲप जवळजवळ रोज उघडलं आणि ग्लायडरची, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाची, उड्डाणं झाली अकरा. हिवाळ्यात याहून जास्तीची अपेक्षा नव्हतीच. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या बहुतेक तक्रारी या जातीच्या इतर ॲपनाही थोड्याफार लागू होतील.

पहिल्या महिन्यात मी सपशेल फसलो. ॲप उघडलं की आधी, वर चढणारी हवा कुठे मिळेल याचा रंगीत नकाशा येतो. निळा म्हणजे घरी बसा, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे पळा धावपट्टीकडे. नोव्हेंबरातल्या एका सकाळी आमच्यावर छान पिवळा डाग होता, दुपारी बारा ते दोन, चढ सेकंदाला एक मीटर. पंखांवरचं गोठलेलं दव पुसलं, बॅटरी बसवली, पॅराशूट चढवलं आणि दोन वाजेपर्यंत धुक्याचं तोंड बघत बसलो. ते काही हललं नाही.

संध्याकाळी चरफडत त्याच ॲपमधलं साउंडिंग, म्हणजे उंचीनुसार तापमानाचा आलेख, उघडलं. इथे अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलची तापमानाची रेघ आणि हवामानाच्या फुग्याने प्रत्यक्ष मोजलेली रेघ एकावर एक ठेवता येते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मॉडेलच्या मते जमिनीवर 2 अंश आणि 400 मीटरवरही 2 अंश. फुगा म्हणत होता, 400 मीटरवर 6 अंश. कोरडी हवा वर जाताना दर 100 मीटरला साधारण 1 अंश थंड होते. म्हणजे ते इन्व्हर्जन (खालच्या हवेला वर चढू न देणारा उबदार थर) फोडायला मॉडेलच्या हिशेबाने जमीन 6 अंशांपर्यंत तापली की पुरे. फुग्याच्या हिशेबाने 10 लागणार. दिवसाच्या कमाल तापमानाचा अंदाज होता 7. तिसरीतल्या पोरानेही केला असता असा हिशेब, आणि मी रंग बघून पॅराशूट बांधलं होतं.

हिवाळ्यात जमिनीलगतची ही पातळ, घट्ट इन्व्हर्जन मॉडेलला नीट पकडता येत नाहीत. ती पुसट करून टाकतात. तेव्हापासून रात्रीच्या, म्हणजे 00 यूटीसीच्या (ग्रीनिचच्या मध्यरात्रीच्या) फुग्याचे आकडे बघितल्याशिवाय मी ट्रेलरचं दार उघडत नाही. (सगळ्या वेळा यूटीसीत आहेत. सेटिंगमध्ये बदलता येतात, पण अपडेट आलं की पुन्हा यूटीसी. पाच महिन्यांत तीनदा.)

थर्मलबद्दल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेबद्दल, एवढंच. सूर्य इतका खाली असताना थर्मलच्या अंदाजासाठी कुणी पैसे मोजू नयेत.

पैसे वसूल होतात ते वेव्हसाठी, म्हणजे डोंगरामागे उठणाऱ्या हवेच्या लाटांसाठी. डोंगराच्या माथ्यावर निदान 20 नॉट (ताशी साधारण 37 किलोमीटर) वारा, रांगेला जवळपास काटकोनात, उंचीबरोबर वाढत जाणारा, आणि माथ्याच्या आसपास हवेचा स्थिर थर. एवढं जमलं की डोंगराच्या पाठीमागे लाटा उभ्या राहतात. हे सगळं ॲप एका पडद्यावर दाखवतं, आणि 700 व 500 हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीला, म्हणजे साधारण 3,000 आणि 5,500 मीटरला, हवा वर जातेय की खाली तेही. वाऱ्याचे आकडे अचूक निघाले. अकरापैकी सात उड्डाणं वेव्हची, आणि एकदाही वारा 5 नॉटपेक्षा जास्त चुकला नाही.

पण लाट नेमकी कुठे, ते विचारू नका. फेब्रुवारीत नकाशावर दरीच्या मधोमध लालभडक पट्टा होता. टोवर असताना, म्हणजे विमान दोराने वर ओढत असताना, रोटरने (लाटेखालच्या खवळलेल्या हवेने) हाडं खिळखिळी केली, दोर दोनदा सैल पडून झटक्याने ताणला गेला. सुटलो, पट्ट्यात पोचलो, आणि व्हेरिओ (चढ-उताराचा काटा) सेकंदाला उणे 3 मीटर! मान वर केली तर लेंटिक्युलरची, म्हणजे लाटेवर उभ्या राहणाऱ्या भिंगाच्या आकाराच्या ढगाची, पुढची कड चारएक किलोमीटर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, डोंगराकडे. नाक खाली घालून तिकडे निघालो. उंची बदाबदा जात होती, पोटात गोळा आला होता. मग एकदम सगळं शांत. खडखड नाही, हादरे नाहीत, व्हेरिओ अधिक अडीचवर चिकटलेला. 5,200 मीटरवर इंडिकेटेड वेग 46 नॉट (विरळ हवेत काटा कमी दाखवतो; खरा वेग साधारण 60) आणि जीपीएसवर जमिनीवरचा वेग शून्याच्या आसपास. समोरून 60 नॉट वारा; अंदाज 58 चा होता.

चूक ॲपची म्हणावी तर तसंही नाही. वारा थोडा बदलला की लाटेची लांबी बदलते, आणि अर्ध्या लांबीची चूक झाली की चढाच्या जागी उतार येतो. लाट आहे का आणि किती उंच, हे ॲपला विचारायचं. कुठे, ते ढगांना. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. दोन दिवसांपलीकडचा नकाशा जागतिक मॉडेलवरून येतो. त्याच्या हिशेबाच्या जाळीतलं एकेक घर 10 किलोमीटरच्या आसपासचं, आणि लाटेची लांबी पुष्कळदा त्याहून कमी. तरीही रंग तेच, पट्टे तितकेच रेखीव. मॉडेल बदलल्याचं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय. शुक्रवारी तो नकाशा बघून मंगळवारची सुट्टी टाकू नका.

फोनमध्ये साउंडिंग साठवून ठेवायची सोय नाही, हीसुद्धा मोठी उणीव. वर रेंज नाही आणि थंडीने फोन मान टाकतो. मी छापील कागद मांडीवर बांधतो. जानेवारीत त्याच कागदाने वाचवलं: 850 हेक्टोपास्कलजवळ (साधारण 1,500 मीटर) तापमान आणि दवबिंदूच्या रेघा तीननंतर एकमेकींना चिकटत होत्या, म्हणजे तिथे ढग भरणार. अडीचलाच उतरायला लागलो. खालच्या ढगांमधली फट आम्ही टेकल्यावर वीस मिनिटांत मिटली. नकाशा ती साडेचारपर्यंत उघडी दाखवत होता.

यात 70 हेक्टोपास्कलचा वाराही दिसतो, म्हणजे 18 किलोमीटरच्या वर. आमच्यासारख्यांना त्याचं काय करायचंय? तरी रोज बघतो. 2018 च्या सप्टेंबरात अर्जेंटिनातल्या एल कालाफातेहून पर्लन 2 ग्लायडर 76,000 फुटांच्या वर गेलं ते ध्रुवीय हिवाळ्यात तिथे वर वारा वाढतच जातो म्हणून. एरवी बहुतेक ठिकाणी वरच्या थरांत वारा मंदावतो आणि लाटही तिथेच विरते.

वर्गणी पुन्हा भरली आहे. 'आज उत्तम दिवस' ही सकाळी सहाची सूचना बंद केली. उद्या 700 ला 35 नॉट दिसतायत, दिशा काटकोनापासून वीसएक अंश कललेली. पहाटे फुग्याचे आकडे आले की ऑक्सिजनची बाटली गाडीत टाकायची की नाही ते ठरेल.