खेळाडूला वाचवायचं तर निर्बंध कुणावर मागायचे?

१ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिक ऐन भरात असताना बेलारूसची धावपटू क्रिस्त्सिना त्सिमानोउस्काया हिला तिच्याच पथकातल्या माणसांनी हानेदा विमानतळावर नेलं. न विचारता ४x४०० मीटर रिलेत नाव घातलं म्हणून तिनं इन्स्टाग्रामवर प्रशिक्षकांना चार शब्द सुनावले होते, एवढंच कारण. तिनं विमानात बसायला नकार दिला, जपानी पोलिसांकडे मदत मागितली आणि पोलंडनं दिलेल्या व्हिसावर व्हिएन्नामार्गे वॉर्सॉ गाठलं.

या एका घटनेवर तीन ठिकाणांहून कारवाई झाली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं (आयओसी) काही दिवसांत दोन प्रशिक्षकांची ओळखपत्रं काढून घेतली आणि त्यांना क्रीडाग्रामाबाहेर काढलं. ९ ऑगस्टला अमेरिकेनं थेट बेलारूसच्या राष्ट्रीय ऑलिंपिक समितीलाच निर्बंधांच्या यादीत टाकलं. आणि त्यातल्या एका प्रशिक्षकावर, युरी मैसेविचवर, अ‍ॅथलेटिक्सच्या शिस्तपालन यंत्रणेनं पाच वर्षांची बंदी घातली ती २०२४ मध्ये. क्रिस्त्सिनाला मात्र २०० मीटरची शर्यत धावता आली नाही. त्यासाठी तिनं क्रीडा लवादाकडे (कॅस) तातडीची दाद मागितली होती, ती फेटाळली गेली.

खेळाडूंच्या संघटनेत, एखाद्या महासंघाच्या खेळाडू आयोगात किंवा मानवी हक्कांच्या संस्थेत असं प्रकरण तुमच्या टेबलावर आलं, तर ‘निर्बंध घाला’ एवढी मागणी पुरत नाही. कुणी घालायचे आणि कुणावर, हे ठरवावं लागतं. खरे पर्याय दोन आहेत: सरकारांचे लक्ष्यित निर्बंध आणि क्रीडा संस्थांची स्वतःची कारवाई. यजमानपद काढून घेणं आणि सरसकट बहिष्कार हे आणखी दोन, पण त्यांचा उपयोग मर्यादित प्रसंगीच होतो.

सरकारी निर्बंध: हात लांब, पाऊल संथ

मानवी हक्क पायदळी तुडवणाऱ्या परदेशी व्यक्तींवर निर्बंध घालणारा अमेरिकेचा ग्लोबल मॅग्निट्स्की कायदा २०१६ चा. त्यानंतर कॅनडा (२०१७), ब्रिटन आणि युरोपीय संघ (दोन्ही २०२०), ऑस्ट्रेलिया (२०२१) यांनी तशाच तरतुदी केल्या. यादीत नाव आलं की त्या देशातली मालमत्ता गोठते, प्रवेश बंद होतो, बँका व्यवहार नाकारतात. डॉलरमधला जवळपास प्रत्येक व्यवहार कुठेतरी अमेरिकी बँकेला शिवत असल्यानं अमेरिकी यादीचा धाक इतरांपेक्षा मोठा.

या मार्गाचा सर्वांत मोठा फायदा असा की, क्रीडा संस्थेच्या हाताबाहेरच्या माणसांपर्यंत तो पोचतो. न्यायाधीश, तुरुंगाधिकारी, गुप्तहेर खात्याचे लोक यांना कोणता महासंघ निलंबित करणार? इराणी कुस्तीगीर नाविद अफ्कारीला १२ सप्टेंबर २०२० रोजी फाशी दिली. त्याच महिन्यात अमेरिकेनं शिराझच्या क्रांती न्यायालयाची संबंधित शाखा, तिथले न्यायाधीश सय्यद महमूद सदाती आणि आदेलाबाद तुरुंग यांच्यावर निर्बंध लादले. हे काम जागतिक कुस्ती संघटनेच्या आवाक्यातलं नव्हतंच.

पण तारखांचा क्रम पाहा. आधी फाशी, मग निर्बंध. सरकारं निर्बंध लावतात ती स्वतःच्या परराष्ट्र धोरणाच्या सोयीनं. बेलारूसच्या ऑलिंपिक समितीवरची कारवाईसुद्धा २०२० च्या वादग्रस्त निवडणुकीच्या वर्षपूर्तीला जाहीर झालेल्या मोठ्या यादीचा भाग होती. विमानतळावरच्या प्रकारानं तिला धार आणि प्रसिद्धी मिळाली. छळ करणारा देश एखाद्या मोठ्या सत्तेचा मित्र असेल, तर तुमची फाईल वर्षानुवर्षं वर येणार नाही. युरोपीय संघात तर सत्तावीसच्या सत्तावीस देशांचं एकमत लागतं. एकाची मान हलली नाही की संपलं.

पुराव्याच्या बाबतीत मात्र हा मार्ग सोपा आहे. ब्रिटनमध्ये संशयाला वाजवी आधार असला तरी पुरतं. अमेरिकी कायद्यात तर मानवी हक्क संस्थांकडून आलेली विश्वासार्ह माहिती विचारात घ्या, असं स्पष्ट म्हटलंय. पीडितेला कुणासमोर उभं राहून उलटतपासणी द्यावी लागत नाही. लैंगिक छळाच्या प्रकरणांत ही गोष्ट किती मोलाची आहे, हे पुढे दिसेलच.

एक धोका लोक विसरतात. व्यक्तीऐवजी संस्थेवर निर्बंध आले की त्या संस्थेतून मानधन घेणारा, तिच्याच शिबिरात राहणारा खेळाडूही अडकतो. कायद्यात सवलती असतात, पण बँका जोखीम नको म्हणून सगळेच पैसे अडवून धरतात. म्हणून मागणी करताना संस्थेचं नाव लिहिण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांची नावं लिहिता येतात का ते पाहा.

क्रीडा संस्थांची कारवाई: जवळची, पण नियमपुस्तकावर तोललेली

या मार्गाबद्दल माझं मत जास्त अनुकूल आहे, आणि माझी नाराजीही इथेच जास्त आहे. अनुकूल अशासाठी की, खेळाडूच्या आयुष्यावर ज्याचा रोजचा ताबा असतो तो प्रशिक्षक, संघ व्यवस्थापक किंवा महासंघाचा अध्यक्ष याच यंत्रणेच्या कक्षेत असतो. त्याचं ओळखपत्र काढून घेतलं की त्याच संध्याकाळी फरक पडतो. कुठलंही सरकार इतकं झटपट काही करू शकत नाही.

आयओसीनं डिसेंबर २०२० मध्ये केलेली कारवाई मला या बाबतीत नमुनेदार वाटते. बेलारूसचे अध्यक्ष अलेक्सांद्र लुकाशेन्को तेव्हा तिथल्या ऑलिंपिक समितीचेही अध्यक्ष होते. त्यांच्यासह मुलगा व्हिक्टर आणि आइस हॉकी महासंघाचा प्रमुख द्मित्री बास्कोव्ह यांना ऑलिंपिक कार्यक्रमांतून बाहेर ठेवलं. समितीला जाणारा निधी थांबवला, पण खेळाडूंच्या तयारीचे पैसे थेट खेळाडूंच्या हातात देण्याची सोय ठेवली. मार अधिकाऱ्यांना आणि वाट खेळाडूंना मोकळी, असा हा हिशेब. तरीही आठ महिन्यांनी हानेदाचा प्रकार घडलाच. म्हणजे नमुनेदार कारवाईलाही मर्यादा आहेत.

आता नाराजीचं कारण. क्रीडा संस्थेची शिक्षा कॅससमोर टिकावी लागते, आणि तिथे भावनेला नाही, कलमाला किंमत असते. २०१९ मध्ये टोकियोतल्या जागतिक ज्युदो स्पर्धेत इराणच्या सईद मोल्लाईवर, इस्रायलच्या सागी मुकीशी गाठ पडू नये म्हणून, हरण्याचा दबाव आला. जागतिक ज्युदो महासंघानं इराणला बेमुदत निलंबित केलं. मार्च २०२१ मध्ये कॅसनं ते निलंबन रद्द ठरवलं. गैरवर्तन घडल्याचं लवादाला मान्य होतं. पण अशा बेमुदत निलंबनाला महासंघाच्याच नियमांत आधार नव्हता. मग महिन्याभरात महासंघानं मुदत ठरवून, सप्टेंबर २०१९ पासून मोजून, चार वर्षांचं निलंबन दिलं. धडा सरळ आहे: अर्जात ‘कडक कारवाई करा’ लिहू नका. कलम कोणतं, मुदत किती, ती कधीपासून मोजायची, हे लिहा.

पुराव्याची पायरीही इथे उंच. कॅसला सहसा ‘कम्फर्टेबल सॅटिस्फॅक्शन’ लागतं, म्हणजे फौजदारी खटल्यापेक्षा कमी, पण नुसत्या शक्यतेपेक्षा बरंच जास्त. दोन फुटबॉल अध्यक्षांची प्रकरणं शेजारी ठेवून पाहा. अफगाण महासंघाचा अध्यक्ष केरामुद्दीन करीम याला महिला खेळाडूंच्या लैंगिक छळाबद्दल फिफानं जून २०१९ मध्ये तहहयात बंदी आणि दहा लाख स्विस फ्रँकचा दंड दिला. तो २०२० मध्ये कॅसमध्येही कायम राहिला. हैतीच्या यव्ह जाँ-बार्तवरही तसेच आरोप, तशीच तहहयात बंदी. ती मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये कॅसनं उठवली, साक्षींत विसंगती आहेत आणि पुरावा अपुरा आहे, असं म्हणत. ज्या देशात साक्ष दिल्यावर घरी परतायचंय तिथल्या मुली किती मोकळेपणानं बोलतील, हा प्रश्न मानवी हक्क संघटनांनी तेव्हा विचारला होता. साक्षीदाराच्या सुरक्षिततेची आणि ओळख लपवण्याची सोय लावल्याशिवाय हा रस्ता धरलात, तर तुम्ही आरोपीला निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र मिळवून द्याल. हे कठोर वाटेल, पण असंच होतं.

आणि केरामुद्दीनचं पुढे काय झालं? देशात अटक वॉरंट निघालं, ऑगस्ट २०२० मध्ये विशेष पोलीस दल त्याला पकडायला पंजशीरला गेलं आणि हात हलवत परत आलं. बंदीनं त्याला फुटबॉलबाहेर काढलं. गजाआड घालणं बंदीच्या कुवतीतलं नाही.

याहून अवघड प्रसंग म्हणजे हक्क मोडणारा महासंघच असतो तेव्हाचा. दक्षिण आफ्रिकेची धावपटू कास्टर सेमेन्या हिचा झगडा महिला गटात टेस्टोस्टेरॉनची मर्यादा घालणाऱ्या जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांशीच होता. तिथे कोण कुणावर निर्बंध घालणार? तो रस्ता कोर्टाचा. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठानं जुलै २०२५ मध्ये तिला न्याय्य सुनावणी मिळाली नाही असं ठरवलं, पण स्वित्झर्लंडविरुद्ध. कारण कॅसच्या निवाड्याची तपासणी तिथलं संघराज्य न्यायालय करतं.

यजमानपद आणि पैसा

२०२१ ची पुरुषांची जागतिक आइस हॉकी स्पर्धा मिन्स्क आणि रीगा अशी विभागून होणार होती. जानेवारीत आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष रेने फासेल मिन्स्कला गेले आणि लुकाशेन्कोंना मिठी मारतानाचं त्यांचं छायाचित्र जगभर फिरलं. श्कोडासह प्रायोजकांनी माघारीचा इशारा दिला. १८ जानेवारीला मिन्स्कचं यजमानपद गेलं. महिनोन्‌महिने पत्रं लिहून जे झालं नव्हतं ते आठवड्याभरात झालं. स्पर्धा अजून व्हायची असेल आणि यजमान देशाला मिरवायची हौस असेल, तर हा पर्याय सर्वांत वेगवान. एकदा पहिला सामना सुरू झाला की हा पर्याय संपतो.

महिला टेनिस संघटनेचा (डब्ल्यूटीए) अनुभव उलटा आहे. चिनी टेनिसपटू पेंग श्वाईनं केलेल्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांनंतर डिसेंबर २०२१ मध्ये संघटनेनं चीनमधल्या सगळ्या स्पर्धा थांबवल्या. स्वतःचं उत्पन्न पणाला लावणारी दुसरी क्रीडा संस्था पटकन आठवत नाही. (कोविडमुळे चीनमध्ये त्या काळात स्पर्धा तशाही अवघडच होत्या, हेही खरं.) एप्रिल २०२३ मध्ये माघार घेतली; पारदर्शक चौकशी झाली नव्हती, पेंगशी एकांतात भेटही झाली नव्हती. समोरच्याला तुमची गरज कमी आणि तुम्हाला त्याची जास्त असेल, तर हे शस्त्र उगारू नये.

सरसकट बहिष्कार

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण सगळे देतात. १९६४ पासून ऑलिंपिकबाहेर, १९७० मध्ये हकालपट्टी, १९९२ ला बार्सिलोनात पुनरागमन. पण ती मागणी डेनिस ब्रुटस यांच्यासारख्या, वर्णभेद भोगणाऱ्यांनीच लावून धरली होती, आणि जवळजवळ सगळं जग तीन दशकं तिला चिकटून राहिलं. अशी परिस्थिती पुन्हा क्वचित येते. आयओसीनं १९९९ मध्ये अफगाणिस्तानला निलंबित केलं. महिला परतल्या त्या २००४ च्या अथेन्समध्ये, तालिबानची सत्ता गेल्यावर. निलंबनानं तालिबानचं मन वळलं नव्हतं.

तालिबान महिलांना खेळू देत नाही म्हणून आज क्रिकेटमध्ये तोच पेच आहे. ऑस्ट्रेलियानं अफगाण पुरुष संघाबरोबरच्या मालिका एकामागून एक टाळल्या, पण विश्वचषकात त्यांच्याशी खेळायला हरकत घेतली नाही. या सोयीस्कर तत्त्वनिष्ठेवर रशीद खान चिडला तर त्यात नवल नाही. इकडे ऑस्ट्रेलियात आश्रय घेतलेल्या अफगाण महिला क्रिकेटपटूंनी २०२४ मध्ये आयसीसीला पत्र लिहिलं, त्यात निर्वासित संघ उभा करायला मदत मागितली होती. कुणी कोणती मागणी केली आहे, हे आधी वाचावं.

मग निवड कशी करायची

छळणारा माणूस खेळाच्या आतला असेल आणि साक्षीदार सुरक्षित असतील, तर आधी क्रीडा संस्था: त्या माणसाचं तात्पुरतं निलंबन, मग सुनावणी. साक्षीदार अजून त्या देशातच असतील तर सुनावणीची घाई नको. नावं उघड न करता सरकारांकडे माहिती द्या. माणूस खेळाबाहेरचा, गणवेशातला किंवा न्यायासनावरचा असेल तर सरकारी निर्बंधच, आणि त्यातून सुटका होईल अशी आशा न धरता. स्पर्धा सहा महिन्यांवर असेल तर प्रायोजकांना फोन करा.

कोणताही मार्ग निवडा, त्याच अर्जात एक मागणी जोडायलाच हवी, आणि तीच बहुतेकदा राहून जाते. ऑलिंपिक सनदेच्या नियम ४१ नुसार देश बदललेल्या खेळाडूला साधारण तीन वर्षं थांबावं लागतं, आणि ही मुदत कमी करायला जुन्या देशाच्या ऑलिंपिक समितीचीही संमती लागते. म्हणजे जिच्यापासून खेळाडू पळाला तिच्याच हातात किल्ली. मोल्लाई मंगोलियाकडून खेळून टोकियोत रौप्य जिंकला, कारण संबंधित महासंघ त्याच्या पाठीशी उभा राहिला. क्रिस्त्सिनासाठी जागतिक अ‍ॅथलेटिक्सनं थांबण्याची मुदत कमी केली आणि २०२३ मध्ये ती बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पोलंडकडून धावली. तिच्या प्रशिक्षकाला बंदीची शिक्षा झाली, ती त्याच्या पुढच्या वर्षी.