सहा पंख्यांचं मशीन: एका सीझनच्या वापरानंतर

दिवाळीनंतर घेतलेलं हेक्साकॉप्टर, म्हणजे शूटिंगसाठीचा सहा पंख्यांचा ड्रोन, आता पावसाळ्याच्या तोंडावर गोरेगावच्या आमच्या गाळ्यात परत आलंय. मधल्या काळात त्याच्यावर जाहिराती झाल्या, एका वेब सिरीजचं बरंचसं आउटडोअर झालं आणि एका मराठी सिनेमाची गाणी झाली. मशीन भारतीय बनावटीचं आहे. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि मला बोलायचंय ते या जातीच्या मशीनबद्दल.

आधी आमच्याकडे डीजेआय या चिनी कंपनीचा इन्स्पायर २ हा ड्रोन होता. फार गुणी मशीन. पण त्याच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. सुटे भाग आणता येतात, अख्खं मशीन नाही. नवं परदेशी मशीन कुणाच्या तरी ओळखीने मिळतं, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचा विमा निघत नाही, नोंदणी होत नाही आणि मोठ्या प्रॉडक्शनचा लाइन प्रोड्यूसर हल्ली पहिला प्रश्न कागदांचाच विचारतो. म्हणून टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता) असलेलं, फ्लाइट कंट्रोलरमध्ये आर्डूपायलट हे खुलं सॉफ्टवेअर चालणारं, कॅमेऱ्यासह साधारण १२ किलोचं हे मशीन घेतलं. २ ते २५ किलो म्हणजे नियमात ‘स्मॉल’ वर्ग, त्यामुळे रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतंच. ते एकदा काढलं की १० वर्षं चालतं.

सहा पंखेच का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. मुंबईत उडवताना खाली माणूस असतोच. सेट कितीही बंद केला तरी कुणी लाइटमन सावलीत बसलेला असतो, कुणी स्पॉटबॉय चहा घेऊन मधूनच जातो, कुंपणापलीकडे बघ्यांची रांग असते. चार पंख्यांच्या मशीनची एक मोटर हवेत बंद पडली, तर ते सहसा सरळ खाली येतं. सहामध्ये एक गेली तर तोल राखायला समोरचीलाही जवळजवळ सोडून द्यावं लागतं, म्हणजे भार उरलेल्या चारांवर येतो. १२ किलोचं मशीन एका जागी तरंगताना प्रत्येक मोटर २ किलो उचलते. तो भार चारांवर आला की प्रत्येकीवर ३ किलो. म्हणून मोटर पूर्ण जोरावर निदान ४ किलो उचलणारी हवी. विकणारा सांगतो ‘पाच किलो पेलोड’, पण तेवढं लादल्यावर एक मोटर गेली तर काय शिल्लक राहतं, हा हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

आमच्यावर ती वेळ आली. दिवेआगरच्या किनाऱ्यावर सकाळचा शॉट होता, मशीन ओल्या वाळूवर पंधरा-वीस मीटर उंच. अचानक आवाज बदलला. सहा पंख्यांचा एकसंध घुमारा असतो, तो फाटल्यासारखा झाला. मशीनने एका बाजूला मान टाकली, थोडं खाली आलं आणि स्वतःभोवती सावकाश फिरायला लागलं. कॅमेरा स्थिर धरणारं गिंबल शेवटपर्यंत वळून अडकलं, मॉनिटरवर नुसती क्षितिजाची तिरकी रेघ. आमच्या पायलटने फिरणं थांबवायचा प्रयत्नच केला नाही. फक्त उंची कमी करत आणलं आणि रिकाम्या वाळूवर टेकवलं. एक प्रॉप, म्हणजे पंखा, तुटला, कॅमेऱ्याला ओरखडाही नाही. उघडून पाहिलं तर मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) यांच्यामधल्या पितळी बुलेट कनेक्टरवर हिरवा गंज चढलेला, एक टोक नखाने ढकललं तर सुटत होतं. खाऱ्या हवेत सतत काम करणाऱ्या मशीनवर असे कनेक्टर बनवणाऱ्याने द्यायलाच नको होते. त्या आठवड्यात सहाही मोटरच्या अठरा तारा थेट डाखून घेतल्या आणि वर दोन थरांची हीट-श्रिंक नळी चढवली. सामान लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळालं.

इथेच या मशीनचं मला सगळ्यात पटलेलं अंग दिसतं. इन्स्पायरचा हात गेला असता तर अख्खं मशीन कुठे तरी पाठवून वाट पाहत बसावं लागलं असतं. इथे मोटर, ईएससी, प्रॉप, जीपीएसचा खांब, सगळं सुटं आहे आणि चार षटकोनी पान्यांत उघडतं. शिवाय प्रत्येक उड्डाणाचा लॉग निघतो. शूट संपल्यावर आम्ही कंपनाचा आलेख बघतोच. तो ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली असला तर ठीक. चढायला लागला की कुठला तरी प्रॉप असंतुलित झालाय किंवा बेअरिंग खराब होतंय हे चित्रात दिसण्याआधी कळतं. बनवणाऱ्याकडून मात्र गिंबलच्या डॅम्परची एक साधी पट्टी यायला इतके आठवडे लागले की शेवटी ती आम्ही इथेच कापून घेतली. विक्रीनंतर फोन उचलणारा माणूस आहे का, हे मशीन घेण्याआधी त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारा.

चित्राबद्दल माझं समाधान पूर्ण आहे. इन्स्पायर २ वर एक्स ७ कॅमेरा आणि त्याच्या ठरलेल्या लेन्स. इथे सोनीचा एफएक्स ३, बॅटरी-कार्डासकट ७१५ ग्रॅम, आणि जमिनीवरचं युनिटही तोच कॅमेरा वापरत असेल तर ग्रेडिंगला, म्हणजे रंग जुळवायला, बसलेला माणूस दुवा देतो. आमच्या डीओपीला, म्हणजे मुख्य छायाचित्रकाराला, ८५ मिलिमीटरवर हवाई शॉट हवा होता. पुढे टेकडी, मागे दाटीने उभे टॉवर, आणि मशीन आडवं सरकताना दोन्हींमधलं अंतर उलगडत जाणारं. वाइड लेन्सच्या ड्रोनवर हे होत नाही. पण ८५ वर प्रत्येक कंप दिसतो. गिंबल तिन्ही अक्षांवर हाताने तोलल्याशिवाय तो शॉट मिळत नाही आणि लेन्स बदलली की तोलणं पहिल्यापासून. युनिट उभं असताना ही पंधरा मिनिटं फार लांब वाटतात. तेव्हा शॉट डिव्हिजनमध्ये एका लेन्सचे सगळे हवाई शॉट सलग लावून घ्या. आणि एचडीएमआयची केबल दोन ठिकाणी बांधा, नाहीतर ऐन टेकमध्ये मॉनिटर काळा होतो.

हवेत राहण्याची वेळ छापील आकड्यावर मोजू नका. तो आकडा बहुतेकदा बिनकॅमेऱ्याचा असतो. आमच्या मशीनवर १६,००० एमएएचचे सहा सेलचे दोन पॅक लागतात. कॅमेऱ्यासह, वारा धरून, पुरेसा चार्ज शिल्लक ठेवून सतरा-अठरा मिनिटं मिळतात. एक जोडी भरायला तास जातो, म्हणून चार जोड्यांशिवाय दिवस निघत नाही. न वापरलेले पॅक आम्ही प्रति सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवतो. भरलेले ठेवले तर महिन्याभरात फुगायला लागतात, मुंबईच्या उन्हाळ्यात त्याआधीच.

बॅटरीचा आणखी एक मुद्दा खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. इन्स्पायर २ ची बॅटरी ९७.५८ वॅट-तासाची, विमानात हातातल्या बॅगेत चालायची. आमचा एक पॅक ३५५ वॅट-तासाचा. १६० च्या वरची बॅटरी प्रवासी विमानात नेताच येत नाही. म्हणजे लडाखचं काम आलं तर पॅक आठवडाभर आधी रस्त्याने निघायला हवेत. आमची बहुतेक कामं कर्जत, वाई, कोकण या टप्प्यातली असल्याने आम्हाला चाललं. ज्यांचं अर्धं काम मुंबईबाहेर दूर आहे, त्यांनी या वजनाच्या मशीनच्या वाटेला जाऊ नये.

शहरात उडवण्याचं म्हणाल तर मशीन कुठलंही असो, डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनच्या हद्दींचा नकाशा आधी उघडा. सांताक्रूझचा विमानतळ, जुहूचा एरोड्रोम, कुलाब्याची नौदलाची हद्द, तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र यांनी मुंबईचा मोठा भाग व्यापलाय. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत ग्रीन (मोकळी हद्द), त्यावर यलो (परवानगी लागणारी). शिवाय पोलिसांचे बंदी आदेश वरचेवर निघतात, ते शूटच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासायचे. परवानगी हातात नसेल तर मी मशीन पेटीतून काढत नाही, मग दिग्दर्शक कितीही ओळखीचा असो.

गैरसोयीही आहेतच. आवाज मोठा आहे, सिंक साउंडच्या, म्हणजे सेटवरच आवाज घेण्याच्या, शॉटला उपयोग नाही. खालचा वारा इतका की नटीची ओढणी आणि रस्त्यावरची धूळ दोन्ही उडतात, दहा मीटरच्या आत आणताच येत नाही. दुपारनंतर समुद्राचा वारा सुटला की किनाऱ्यावर मशीन टिकतं, पण बॅटरी झपाट्याने उतरते. म्हणून समुद्राचे शॉट आम्ही सकाळी लावतो. पायलट वेगळा आणि कॅमेरा चालवणारा वेगळा हवाच, एकट्याने हे झेपत नाही. मालिकेत एपिसोडमागे बिल्डिंगचा एखादा एस्टॅब्लिशिंग शॉट लागत असेल, तर हे मशीन घेणं पैशांची नासाडी आहे. त्याला चार पंख्यांचा छोटा क्वाड पुरतो.

घेणार असाल तर डेमो मैदानात मागा, शोरूममध्ये नको. तुमचा कॅमेरा आणि तुमची लेन्स यांच्याइतकं वजन गिंबलच्या जागी बांधायला सांगा, आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करा आणि दहा मीटरवर मशीन तरंगत असताना विकणाऱ्याच्याच पायलटला एक मोटर बंद करायला सांगा. मी तसं सांगितलं तेव्हा एकाने विषय बदलला, दुसऱ्याने करून दाखवलं. मशीन त्या दुसऱ्याकडून घेतलं.