सात महिने स्प्लायसिंग टेप: जोड पक्का, टोक बेपत्ता

स्प्लायसिंग टेपचा, म्हणजे तुटलेली फीत जोडायच्या खास चिकटपट्टीचा, हा रोल घ्यावा लागला तो माझ्याच जुन्या उद्योगामुळे. वीसेक वर्षांपूर्वी व्हीसीआरने मुलीच्या पहिल्या वाढदिवसाची कॅसेट खाल्ली आणि तुटलेली फीत मी सेलोटेपने जोडून टाकली. तेव्हा चालली. यंदा डिजिटल कॉपी करायला लावली, तर केक कापायच्या आधीच पडद्यावर मुंग्या! दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडताच ‘हेड गेलं, दुसरं मशीन बघा’ असं सांगितलं. हेड म्हणजे फितीवरचं चित्र वाचणारा भाग. दुसरं कुठून बघू? व्हीएचएसची, म्हणजे असल्या कॅसेटची, मशीन शेवटपर्यंत बनवणाऱ्या फुनाईनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. थोडी हुज्जत घातली आणि मशीन उचलून घरी आलो.

झाकण काढलं, तर हेडला पिवळट गोंद. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला, धागे न सुटणारा कागद ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला, नुसता टेकवून धरला आणि ड्रम हाताने सावकाश फिरवला. वर-खाली घासू नका, कापूस तर नकोच. हेडचं नाजूक टोक त्यात अडकून मोडतं. दहा मिनिटांत चित्र परत आलं. म्हणजे हेड गेलं नव्हतं, माझी चिकटपट्टी त्याला चिकटली होती.

सेलोटेपचा गोंद रिळाच्या दाबाने कडेने बाहेर सरकतो आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो. पाल पद्धतीच्या (भारतातल्या टीव्हीची पद्धत) मशीनमध्ये ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, त्यामुळे वाटेत आलेला गोंद हेडवर बसणारच. स्प्लायसिंग टेपचा गोंद असा पसरत नाही. सात महिन्यांत अकरा कॅसेट जोडल्या. त्या पुन्हा उघडून पाहिल्या, एकाही जोडाच्या कडेला ओशटपणा नाही. इथपर्यंत पूर्ण मार्क.

आता तक्रार. या रोलचं टोक सापडत नाही. पारदर्शक, पातळ, वर चकचकीत. नखाने चाचपा, दिव्याखाली धरा, चष्मा बदला, काही उपयोग नाही. कॅसेटचे पाच स्क्रू काढून, झडपेची स्प्रिंग उडू न देता, फीत सपाट मांडून ठेवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ मी टोक शोधण्यात घालवलाय. टोक दुमडून ठेवलं, तर दरवेळी अर्धा सेंटीमीटर वाया. एका जोडाला दोन सेंटीमीटर लागतात. म्हणजे चार जोडांमागे एक जोड फुकट गेला! पहिल्या महिन्यात याच कारणासाठी मी दोन तारे दिले होते.

चौथ्या महिन्यात मत बदललं, कारण एका कॅसेटमध्ये चूक माझीच निघाली. झडप उघडल्यावर फितीची जी बाजू बाहेरून दिसते ती रेकॉर्डिंगची. पट्टी लावायची तिच्या मागे, आतून. मी घाईत बाहेरून लावली होती. शिवाय पट्टी फितीच्या १२.७ मिलिमीटर रुंदीबाहेर केसभरही जाता कामा नये. नशीब, मशीनमध्ये घालायच्या आधी लक्षात आलं. चुरगळलेला भाग कापायला जीव कचरतो, पण पालच्या नेहमीच्या वेगात एक सेंटीमीटर म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. मी चार सेंटीमीटर कापले, दोन सेकंदही गेले नाहीत. केक शाबूत आहे.

‘मग घरातला सेलोटेप फेकून द्यायचा का?’ असं दोघांनी विचारलं. अजिबात नाही. कॅसेटच्या मागचा, चुकून पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून मोडायचा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला असेल आणि पुन्हा रेकॉर्ड करायचं असेल, तर त्या भोकावर सेलोटेपच लावा. तिथे तो फितीला शिवत नाही. आणि जोड कितीही छान जमला तरी कॅसेट पुन्हा पुन्हा लावून बघू नका. एकदाच चालवा आणि त्याच वेळी कॉपी करून घ्या. रिळाच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, तर तेवढंही करू नका. ती सगळ्या मशीनभर पसरते.

तर आता चार तारे. टोकावर उपायही सापडला होता: काडेपेटीतली एक काडी टोकाखाली सरकवून ठेवायची. परवा रात्री लाइट गेले तेव्हा घरातल्या कुणीतरी तीच काडी काढून मेणबत्ती लावली.