ॲशच्या झाडाला ‘इंजेक्शन’ देणारा माणूस

शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आमचं घर आहे. घर घेतलं तेव्हा अंगणात तीन मोठी झाडं होती आणि त्यांतलं पुढच्या दारासमोरचं ॲश जातीचं झाड सगळ्यांत देखणं. ते आता नाही. ते किडीने गेलं हे खरं, पण वेळेवर खरं औषध मिळालं असतं तर वाचलं असतं. त्यासाठी आम्ही पैसेही मोजले होते, ते एका लबाड माणसाच्या खिशात गेले. आपल्यापैकी कितीतरी जणांची घरं अशाच वस्त्यांत आहेत. उन्हाळ्यात आई-बाबा येऊन राहतात आणि दुपारी दार उघडायला तेच असतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

किडीचं नाव एमराल्ड ॲश बोअरर. अर्ध्या इंचाचा, चकचकीत हिरवा भुंगा. मूळचा चीन, कोरिया, रशियाच्या पूर्व टोकाकडचा. २००२ मध्ये तो डेट्रॉईटजवळ सापडला. बहुधा जहाजावरच्या मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा. २००६ मध्ये आमच्या इलिनॉयमध्येही निघाला. भुंगा पानं कुरतडतो, त्याने झाडाचं फारसं बिघडत नाही. घात करते ती अळी. ती सालीखाली राहून अन्नरस वाहणारा थरच खाते. झाड शेंड्याकडून विरळ व्हायला लागतं आणि चार-पाच वर्षांत संपतं. अमेरिकेत अशी कोट्यवधी झाडं गेली आहेत.

२०१२ च्या उन्हाळ्यात माझे बाबा आमच्याकडे होते. बाबा देवगडचे, जन्म आंब्याच्या बागेत गेला. सकाळचा चहा ते त्या ॲशखाली घ्यायचे. शेंड्याला पानं कमी आहेत हे आधी त्यांनाच दिसलं. त्यांनी बुंध्याभोवती दोन-तीनदा फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “भिरूड नाही गं. भिरूड असता तर मुळाशी भुसा पडला असता.” भिरूड ही आंब्याचं खोड पोखरणारी कीड, तिचं तसंच असतं. खोडाला भोक दिसतं, खाली भुसा दिसतो. मग तार घालून अळी काढायची, औषधात भिजवलेला कापसाचा बोळा भोकात कोंबायचा आणि वरून चिखलाने लिंपायचं. आम्ही निर्धास्त झालो.

ऑक्टोबरमध्ये, बाबांच्या परतीच्या विमानाला चार दिवस उरले असताना, शनिवारी सकाळी एक माणूस दारात आला. अंगात केशरी जाकीट, हातात क्लिपबोर्ड, बोलणं अतिशय अदबीचं. शेजारच्या गल्लीत काम चाललंय म्हणाला. त्याने काचेच्या बाटलीतला हिरवा भुंगा दाखवला. “हा आज सकाळी तुमच्या शेजाऱ्यांच्या झाडावर पकडला.” मग आमच्या झाडाच्या सालीवरचं एक भोक दाखवलं, इंग्रजी डी अक्षरासारखं, एक बाजू सपाट, जेमतेम तीन मिलिमीटरचं. ते भोक खरं होतं. बाबांचा चेहरा उतरला. उन्हाळाभर रोज बघत होतो आणि आपल्याला दिसलं नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

“आज केलं नाही तर वसंतात झाड मेलेलं असेल,” तो म्हणाला. तीन झाडांचे ८४० डॉलर, तीन वर्षांची हमी, आज केलं तर ही किंमत, उद्या नाही. नवरा म्हणाला, दुसरीकडे विचारून बघू. पण बाबाच म्हणाले, “होऊ दे. मी जायच्या आधी होऊ दे.”

त्याने छातीएवढ्या उंचीवर ड्रिलने जाड भोकं पाडली, एका बाटलीतून पिचकारीने काहीतरी पांढुरकं आत सोडलं आणि वरून पुटीने बुजवलं. तिन्ही झाडं मिळून अर्धा तास. बाबा जवळ उभे राहून बघत होते. भोक, औषध, लिंपण. आंब्याला हेच करतात, असं त्यांना वाटलं आणि त्यांना बरं वाटताना पाहून मलाही. चेक त्याने कंपनीच्या नावे नको, स्वतःच्या नावे मागितला. तिथे मला थांबायला हवं होतं.

२०१३ च्या जूनमध्ये समोरचं झाड आणखी विरळ झालं. मी हमीपत्रावरच्या नंबरला फोन केला. त्याने उचलला. “पहिल्या वर्षी असंच दिसतं, औषध वर चढायला वेळ लागतो.” पुढे मला कळलं की यात थोडं तथ्य आहे, औषध दिलेलं झाड सावरायला एखादा हंगाम घेतं. असं अर्धं खरं बोलणाऱ्यावर शंका घेणं अवघड जातं. आमचं ते वर्ष तिथे गेलं आणि झाड वाचवायचं खरं वर्ष तेच होतं. पुढच्या वसंतात तो नंबर बंद होता.

जून २०१४ मध्ये आम्ही मॉर्टन आर्बोरेटम या इथल्या वृक्षोद्यानाच्या वृक्षचिकित्सा केंद्राला विचारलं (घरच्या झाडांबद्दल ते लोकांना सल्ला देतात, हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं) आणि मग एक प्रमाणित आर्बोरिस्ट, म्हणजे वृक्षतज्ज्ञ, बोलावली. तिने समोरच्या झाडाच्या सालीचा एक सुटलेला पापुद्रा बोटांनी ओढला. भिंतीचा जुना रंग सुटावा तशी साल हातभर सुटून आली. खाली लाकडावर नागमोडी वळणांच्या वाटा, एकीत दुसरी गुंतलेली आणि प्रत्येक वाट बारीक तपकिरी भुशाने गच्च भरलेली. म्हणून बुंध्याशी काही पडत नव्हतं. ही अळी भुसा बाहेर टाकत नाही, मागे ठासत जाते. मी फोटो काढून देवगडला पाठवला. बाबांचा लगेच फोन आला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “म्हणजे भुसा आतच होता.”

तिने मग एकेक गोष्ट सांगितली. ऑक्टोबरच्या सकाळी हा भुंगा पकडता येत नाही. तो इथे साधारण जून ते ऑगस्टमध्येच उडतो. खोडातून दिलेलं औषध झाड पानांच्या ओढीने वर नेतं आणि ॲशची पानं ऑक्टोबरमध्ये गळायला लागलेली असतात, तेव्हा ते चढणार कसं? खरं काम मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. इमामेक्टिन बेंझोएट नावाचं औषध, बुंधा जमिनीशी फुगतो तिथे चारी बाजूंनी बारीक भोकं घेऊन, दाबाने आत सोडतात. त्याचा परिणाम दोन वर्षं टिकतो, म्हणून ते दर दोन वर्षांनी द्यावं लागतं. आणि झाडाचा साधारण एक तृतीयांशाहून जास्त पसारा वाळला असेल तर प्रामाणिक माणूस स्वतःच सांगतो की पैसे घालू नका. आमच्या समोरच्या झाडाचा अर्ध्याहून जास्त गेला होता.

तिसरं झाड तर ॲशच नव्हतं. ते माउंटन ॲश, नावात ॲश आहे इतकंच. ही कीड त्याच्याकडे फिरकत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या ॲशच्या फांद्या आणि पानं डहाळीवर समोरासमोर फुटतात, माउंटन ॲशची एकाआड एक. त्या बिचाऱ्या निरोगी झाडाला त्या माणसाने पाच भोकं पाडली होती. त्यांतून अजून पाणी झिरपत होतं.

समोरचं झाड काढायला ८४० डॉलरच्या दुपटीहून जास्त लागले. मेलेलं ॲश फार लवकर ठिसूळ होतं, त्यावर माणूस चढवत नाहीत, यंत्राची गाडी आणावी लागते. मागचं ॲश त्याच जूनमध्ये औषध देऊन वाचलं, आणि तेव्हापासून दर दोन वर्षांनी देतो.

तक्रार केली. राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाच्या, कार्यालयात आणि कृषी खात्यात, कारण पैसे घेऊन कीटकनाशक वापरायला इथे कृषी खात्याचा परवाना लागतो. त्यांनी विचारलं: परवान्याचा नंबर? औषधाच्या बाटलीवरचं लेबल आणि त्यावरचा नोंदणी क्रमांक? गाडीचा नंबर? आमच्याकडे यांतलं काहीच नव्हतं. तेव्हाच कळलं की दारात येऊन २५ डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचा सौदा केला, तर तो तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करायचा हक्क केंद्राच्या नियमाने असतो आणि रद्द करण्याचा छापील कागद विकणाऱ्यानेच द्यायचा असतो. आम्हाला हमीपत्र दिलं होतं, पण तसला कागद दिलाच नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत.

तुमच्या दारात असा कोणी आला तर त्याला आर्बोरिस्टच्या प्रमाणपत्राचा क्रमांक मागा. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरच्या संकेतस्थळावर तो दोन मिनिटांत तपासता येतो. बाटलीचा आणि गाडीचा फोटो काढा. त्या दिवशी काहीही ठरवू नका. आणि घरी आई-बाबा असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा. माझ्या बाबांना अजून वाटतं की झाड त्यांच्यामुळे गेलं. दर जूनला त्यांचा फोन येतो, मागच्याला औषध दिलंत का, म्हणून.